पाळीव उंदीर नव्याने घरी आणल्यावर : मराठवाड्यातील घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाळीव उंदीर आणि घरात-शेतात फिरणारा उंदीर यांत नेमका फरक काय?

पाळीव उंदीर हा मूळचा तपकिरी उंदीर, म्हणजे शास्त्रीय भाषेत रॅटस नॉर्वेजिकस. शंभराहून अधिक वर्षे माणसाच्या सहवासात, शांत स्वभावाची निवड करत करत त्याचा वंश वाढवला गेला आहे. पांढऱ्या रंगाचा आणि लाल डोळ्यांचा जो उंदीर आपल्याकडे सर्वाधिक दिसतो, तो बहुधा विस्टार वंशाचा असतो. फिलाडेल्फियातील विस्टार संस्थेत १९०६ मध्ये प्रयोगशाळांसाठी हा वंश तयार झाला आणि तेथून तो जगभर गेला. शेताच्या बांधावर सापडलेले पिल्लू किंवा गटाराजवळची घूस यांना घरात वाढवले तरी ती पाळीव होत नाहीत. त्यांच्यासोबत रोग येण्याची शक्यताही खरी असते. म्हणून रानातले पिल्लू कितीही गोजिरवाणे दिसले, तरी त्याला पाळण्याच्या हेतूने घरी आणू नये.

घरातील ज्येष्ठ मंडळी प्लेगची आठवण काढून विरोध करतात. त्यांना काय सांगावे?

त्यांची भीती हसण्यावारी नेऊ नये, कारण ती ऐकीव गोष्टींवर उभी नाही. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले आणि पुढच्याच महिन्यात सुरतेत प्लेगची साथ आल्याने देशभर घबराट पसरली. त्याआधी सुमारे वर्षभर, ३० सप्टेंबर १९९३ रोजी, किल्लारीचा भूकंप झाला होता. घरे सोडून लोक बाहेर राहू लागले, साठवलेले धान्य आत तसेच राहिले आणि त्यावर उंदीर माजले, असे स्पष्टीकरण त्या काळी दिले गेले. ज्यांनी ते दिवस बीड, लातूर, धाराशिव परिसरात पाहिले आहेत, त्यांच्या मनातून उंदीर आणि मरण यांची जोडी सहज निघणार नाही.

सांगण्यासारखे एवढेच, की प्लेगचा जंतू रानटी कृंतकांमध्ये, म्हणजे उंदरासारख्या कुरतडणाऱ्या प्राण्यांमध्ये, राहतो आणि त्यांच्या अंगावरील पिसवांमार्फत माणसापर्यंत येतो. पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेला, रानटी उंदरांशी आणि त्यांच्या पिसवांशी संबंध न आलेला प्राणी हा जंतू स्वतःहून निर्माण करत नाही. मात्र यातूनच पालकाची जबाबदारीही ठरते. पिंजरा धान्याच्या कोठीत, गोठ्यात किंवा जेथे रानटी उंदीर रात्री ये-जा करतात अशा ओसरीत ठेवू नये. लेप्टोस्पायरोसिसचे जंतूही रानटी उंदरांच्या मूत्रातून पसरतात, त्यामुळे हा नियम दुहेरी उपयोगाचा आहे. पिंजरा हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. पाच वर्षांखालील मुले, गर्भवती स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या व्यक्ती घरात असतील, तर पिंजऱ्याची साफसफाई इतर कोणी करावी.

उंदीर एकटा पाळला तर चालतो का?

चालत नाही. उंदीर हा कळपात राहणारा प्राणी आहे. तो दुसऱ्याच्या अंगाला टेकून झोपतो, एकमेकांचे अंग साफ करतो, खेळातली झटापट करतो, आणि माणूस दिवसभर घरात असला तरी ही जागा भरून काढू शकत नाही. किमान दोन उंदीर हवेत आणि ते एकाच लिंगाचे हवेत.

दुकानदाराने “दोन्ही माद्या आहेत” असे सांगितले तरी स्वतः खात्री करून घ्यावी. नरात वृषण स्पष्ट दिसतात, उन्हाळ्यात तर अधिकच, आणि मादीच्या पोटावर स्तनाग्रांच्या दोन रांगा असतात. चूक महागात पडते. पाच-सहा आठवड्यांच्या वयातच पिल्ले प्रजननक्षम होतात, गर्भकाळ २१ ते २३ दिवसांचा असतो, एका वेळी साधारण आठ ते बारा पिल्ले होतात आणि व्याल्यानंतर चोवीस तासांच्या आत मादी पुन्हा गाभण राहू शकते. नर-मादी एकत्र असलेल्या पिंजऱ्यातून आणलेली मादी आधीच गाभण असण्याची शक्यता गृहीत धरून पहिले तीन आठवडे तिच्या वजनाकडे लक्ष ठेवावे. पिल्ले झालीच, तर पाच आठवड्यांची होताच नर आणि माद्या वेगळ्या कराव्यात.

वर्षातील कोणत्या काळात उंदीर घरी आणणे योग्य?

मराठवाड्यापुरते बोलायचे तर जुलै ते जानेवारी. मार्चनंतर कोणी विचारले, तर पावसाळ्यापर्यंत थांबा, असेच आमचे उत्तर असते. नवी जागा, नवा वास आणि नवी माणसे यांचा ताण त्या जिवावर असतोच. त्यात बेचाळीस अंशांचे ऊन मिसळले की आधीच अशक्त असलेले पिल्लू पहिल्या पंधरवड्यातच दगावते. पत्र्याच्या छताचे घर असेल आणि वीज गेल्यावर पंखा-कूलर चालवण्याची कोणतीही सोय नसेल, तर आमच्या मते उंदीर पाळूच नये. हे कठोर वाटेल, पण येथील उन्हाळा त्याहून कठोर आहे.

उन्हाळ्यात त्यांना कसे सांभाळावे?

उंदराला १८ ते २६ अंश सेल्सिअस तापमान मानवते. तीस अंशांच्या पुढे त्याला त्रास सुरू होतो आणि त्यापुढे जीव धोक्यात येतो. एप्रिल-मे महिन्यांत परभणी किंवा नांदेड येथे पारा बेचाळीसच्या पुढे जातो हे लक्षात घेतले, तर अडचण किती मोठी आहे ते कळेल. उंदराला माणसासारखा घाम येत नाही आणि कुत्र्यासारखे धापा टाकून अंगही थंड करता येत नाही. तो उष्णता मुख्यतः शेपटीच्या उघड्या त्वचेतून बाहेर टाकतो आणि फारच उकडले तर अंगाला लाळ चोपडतो. बाहेरची हवा शरीराच्या तापमानापेक्षा, म्हणजे साधारण साडेसदतीस अंशांपेक्षा गरम झाली की शेपटीचाही उपयोग उरत नाही. घामच नसल्याने नुसत्या पंख्याचा फारसा लाभ होत नाही. पंखा त्याच्यावर गरम हवाच फेकत राहतो.

वातानुकूलित खोली असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात वाळ्याचा किंवा गवताचा कूलर चांगले काम करतो, कारण तो हवा थंड करतो आणि तिच्यात ओलावाही आणतो. त्याचा झोत थेट पिंजऱ्यावर न सोडता खोली गार होईल अशा बेताने ठेवावा. कूलरची टाकी आठवड्याला धुवावी, नाहीतर कुबट वासाची हवा दिवसभर त्यांच्या नाकात जाते. जूनमध्ये हवा दमट झाली की कूलरचा परिणाम घटतो, हेही ध्यानात असू द्यावे.

पिंजरा घराच्या मधल्या, सावलीच्या खोलीत आणि खालच्या मजल्यावर ठेवावा. जुन्या माळवदाच्या घरातील आतली खोली यासाठी सिमेंटच्या नव्या घरापेक्षा पुष्कळ बरी. तळाशी शहाबादी फरशीचा एक तुकडा ठेवला तर उंदीर दुपारी आपणहून त्यावर पोट टेकून पडतात. लहान माठ आडवा ठेवून तो बाहेरून सकाळ-दुपार ओला केला, की लपण्याची जागा आणि गारवा दोन्ही एकाच वस्तूतून मिळतात. पिंजऱ्याच्या एका बाजूला ओले गोणपाट टांगता येते, पण चारही बाजू झाकू नयेत, कारण कोंडलेली दमट हवा उकाड्याइतकीच वाईट असते.

भारनियमनासाठी पाण्याच्या दोन-तीन बाटल्या कायम फ्रीजरमध्ये गोठवून ठेवाव्यात. वीज गेली की त्यातील एक जुन्या सुती कापडात गुंडाळून पिंजऱ्यात ठेवावी, म्हणजे ज्याला हवे तो तिला बिलगतो आणि ज्याला नको तो दूर बसतो.

उंदीर हातपाय पसरून निपचित पडला, तोंडातून लाळ गळू लागली, चालताना झोकांड्या जाऊ लागल्या किंवा शेपटी आणि कान गरम, लालसर झाले, तर तो उष्माघात समजावा. साध्या गार पाण्याने शेपटी, पंजे आणि कान ओले करावेत, पाणी पुढे धरावे आणि लगेच पशुवैद्यकाकडे न्यावे. बर्फाच्या पाण्यात त्याला बुडवू नये. एकदम बसलेल्या धक्क्याने तो जाण्याचीच भीती अधिक.

पिंजरा कसा असावा?

दोन उंदरांसाठी साधारण अडीच फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन ते अडीच फूट उंच पिंजरा ही सुरुवात समजावी. त्याहून मोठा मिळाल्यास घ्यावा. दोन गजांमधील फट अर्ध्या इंचापेक्षा जास्त नको, कारण ज्या फटीतून पिल्लाचे डोके जाते त्यातून त्याचे सगळे अंग जाते. पोपटाचे आणि कोंबड्यांचे बाजारातील पिंजरे बहुधा येथेच नापास होतात. गावातील फॅब्रिकेशनवाल्याकडून जाळीचा पिंजरा करून घेता येतो. तसे केल्यास पावडर कोटिंग करून घ्यावे, नाहीतर जाळी मूत्र धरून ठेवते आणि वास जात नाही. तळ आणि मजले उघड्या जाळीचे नसावेत. जाळीवर सतत चालल्याने तळपायाला फोड येऊन चिघळतात, आणि हे दुखणे महिनोन्‌महिने बरे होत नाही. काचेची माशांची टाकी वापरू नये, त्यात हवा खेळत नाही.

आत चढायला दोऱ्या, लपायला पुठ्ठ्याची खोकी, कुरतडायला नारळाची करवंटी किंवा रंग न दिलेले लाकूड, आणि झोपायला जुन्या टी-शर्टचा झोका एवढे पुरते. फिरते चाक ठेवायचेच तर त्याची धाव भरीव हवी. काड्यांच्या चाकात पाय आणि शेपटी अडकतात.

तळाशी भुसा घातला तर?

लाकडाच्या वखारीतील भुसा स्वस्त मिळतो आणि पहिला मोह त्याचाच होतो, तो टाळावा. चीड आणि देवदार जातीच्या लाकडातील सुगंधी द्रव्ये उंदराच्या श्वासमार्गाला आणि यकृताला अपाय करतात, आणि वखारीत कोणते लाकूड मिसळले गेले आहे हे सांगता येत नाही. गव्हाचे तूस आणि कडब्याचा चुरा यांत धूळ आणि किडे दोन्ही असतात. त्याऐवजी फाडलेला साधा कागद, पुठ्ठ्याचे तुकडे किंवा धुऊन वापरता येणारे सुती आणि फ्लीसचे कापड घालावे. कापसाचा पिंजलेला गाभा किंवा दोरे सुटणारे कापड देऊ नये, बोटांभोवती दोरा आवळला जातो.

पाण्याची टंचाई असताना स्वच्छता कशी राखावी?

जेथे २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे रोज पिंजरा धुण्याचा सल्ला देणे शहाणपणाचे नाही आणि त्याची गरजही नाही. मुद्दा मूत्रातून उठणाऱ्या अमोनियाचा आहे. तो वायू श्वसनरोगाला खतपाणी घालतो. नाकाला झोंबणारा वास येऊ लागला, तर उशीर झाला असे समजावे.

बहुतेक उंदीर लेंड्या एका कोपऱ्यात टाकायला सहज शिकतात. त्या कोपऱ्यात कागदाचे तुकडे घातलेला पसरट ट्रे ठेवावा आणि सुरुवातीला इतरत्र पडलेल्या लेंड्या उचलून त्यात टाकाव्यात. मूत्राची मात्र शिस्त लागत नाही. वाटेवर थेंब सोडणे हा त्यांचा एकमेकांशी बोलण्याचा प्रकार आहे. ट्रे रोज रिकामा करावा, मजले पांढऱ्या व्हिनेगरमध्ये पाणी मिसळून ओल्या फडक्याने पुसावेत आणि कापडे तीन-चार दिवसांनी बदलावीत. सगळा पिंजरा आठवड्यातून एकदा धुतला तरी पुरतो. फिनेल वापरू नये. सगळी कापडे एकाच दिवशी बदलू नयेत, एखादे जुने ठेवावे. स्वतःचा वास पूर्ण नाहीसा झाला की उंदीर अस्वस्थ होऊन दुप्पट खुणा करत सुटतात.

पिण्याचे पाणी कोणते द्यावे?

घरात माणसे जे पितात तेच. उंदीर दिवसाला शंभर ग्रॅम वजनामागे दहा-बारा मिलिलिटर पाणी पितो, उन्हाळ्यात त्याहून जास्त. बोअरचे पाणी जड असेल तर बाटलीच्या नळीत क्षार बसून तिच्यातील गोळी अडकते, आणि बाटली भरलेली दिसत असताना उंदीर तहानलेला राहतो. गोळी रोज बोटाने दाबून पाहावी. मार्च ते जून बाटलीसोबत जड मातीचे भांडेही ठेवावे.

आहारात काय द्यावे? भाकरी चालते का?

चालते, पण केवळ भाकरीवर उंदीर नीट जगत नाही. आहाराचा मुख्य भाग, म्हणजे दहापैकी आठ वाटे, उंदरांसाठीच्या संतुलित पेलेट खाद्याचा, म्हणजे दाबून केलेल्या एकसारख्या गोळ्यांचा, असावा. लहान गावात ते दुकानात मिळत नाही, कुरियरने मागवावे लागते. त्याऐवजी हॅमस्टरचे मिश्र दाणे आणले जातात आणि तिथे गडबड होते. उंदीर त्यातील सूर्यफुलाच्या बिया तेवढ्या वेचून खातो आणि उरलेले सोडून देतो. वाढत्या पिल्लांच्या खाद्यात प्रथिने अठरा ते वीस टक्के हवीत, प्रौढांना चौदा ते सोळा टक्के पुरतात. प्रौढ मादीचे वजन साधारण २५० ते ३५० ग्रॅम असते, नराचे ३५० ते ५०० ग्रॅम. त्याच्या बरेच पुढे गेल्यास दाणे कमी करावेत.

उरलेल्या दोन वाट्यांत आपल्या स्वयंपाकघरातील पुष्कळ गोष्टी बसतात. शिजवलेली ज्वारी-बाजरी, भाकरीचा कोरडा तुकडा, मोड आलेले आणि वाफवलेले मूग, मीठ-फोडणी न घातलेले तुरीचे वरण, गाजर, दोडका, दुधी, लाल भोपळा, मेथीची पाने, आठवड्यातून एकदा उकडलेल्या अंड्याचा तुकडा यांतले काहीही थोडे थोडे द्यावे. करडई, शेंगदाणे आणि सूर्यफूल तेलकट असल्याने बक्षिसापुरतेच. शेंगदाण्याला बुरशीचा जराही संशय असेल तर तो फेकून द्यावा, कारण बुरशीतील अफ्लाटॉक्सिन यकृताचा नाश करते. आपल्या ताटातील तिखट-मीठ असलेले काही देऊ नये.

काय टाळावे, हे अधिक काळजीने वाचावे. उंदराला उलटी करता येत नाही. एकदा गिळलेले परत येत नाही, आणि त्याच कारणाने चिकट पदार्थ घशात अडकले तर सुटका कठीण होते. म्हणून चिक्की, गुळाचा खडा, पीनट बटरचा गोळा नको. कच्चा राजमा, कच्चे सोयाबीन आणि हिरवट बटाटा नकोत. लातूर भागात सोयाबीन घरोघरी पोत्यांनी असते आणि ओंजळभर टाकणे सोपे वाटते, पण कच्च्या दाण्यातील द्रव्ये प्रथिनांचे पचन रोखतात. जालन्याची मोसंबी घरात आली तर तिची साल पिंजऱ्यात जाऊ देऊ नये, विशेषतः नरांच्या. लिंबूवर्गीय सालीतील लिमोनीनचा नर उंदराच्या मूत्रपिंडावर दुष्परिणाम होतो, मादीवर तसा होत नाही. बालाघाटातील सीताफळाच्या बिया विषारी असतात, त्याही दूर ठेवाव्यात. चॉकलेट आणि सोडायुक्त पेये यांचा विचारही करू नये.

ताजे अन्न संध्याकाळी द्यावे, तेव्हा ते जागे होतात, आणि सकाळी उरलेले काढून टाकावे. उंदीर स्वतःच्या काही लेंड्या खाताना दिसला तर घाबरू नये, तो त्याच्या पचनाचाच भाग आहे.

पहिल्या काही दिवसांत हाताळावे की नाही?

पहिले दोन-तीन दिवस फक्त अन्न, पाणी आणि सहवास द्यावा. पिंजऱ्याजवळ बसून हळू आवाजात बोलावे, अंगावर वापरलेला एखादा रुमाल आत ठेवावा, म्हणजे आपला वास ओळखीचा होतो. त्यानंतर तळहातावर खाऊ ठेवून वाट पाहावी. उंदीर स्वतः हातावर चढेपर्यंत त्याला पकडू नये, आणि झोपेत असलेल्याला तर कधीच उचलू नये. उचलताना एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली असावा. शेपटीला धरून उचलल्यास तिची त्वचा सोलून निघू शकते. हे घरी आलेल्या पाहुण्यांच्या मुलांना आधीच बजावून सांगावे.

लाल डोळ्यांच्या पांढऱ्या उंदराची नजर फार कमजोर असते. तो डोके डावीकडे-उजवीकडे डोलवत बसला तर ते आजाराचे लक्षण नसून अंतराचा अंदाज घेणे आहे. त्याचा पिंजरा प्रखर उजेडापासून दूर ठेवावा. उंदीर निवांत असताना दातावर दात घासतो आणि त्या वेळी त्याचे डोळे किंचित आत-बाहेर हलतात. पहिल्यांदा पाहणारा दचकतो, प्रत्यक्षात ते समाधानाचे चिन्ह आहे.

चावला तर इंजेक्शन घ्यावे लागते का?

जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. धनुर्वाताच्या लसीचा विचार ते करतील. घरात वाढलेल्या उंदराकडून रेबीज होण्याची शक्यता नगण्य असते, तरी निर्णय डॉक्टरांवर सोडावा. पुढच्या तीन ते दहा दिवसांत ताप, अंगावर पुरळ किंवा सांधेदुखी सुरू झाली, तर उंदीर चावल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. उंदराच्या चाव्यातून येणारा एक विशिष्ट ताप असतो, तो प्रतिजैविकांनी बरा होतो, पण उंदराचा उल्लेख केल्याशिवाय तो कोणाच्या ध्यानात येत नाही.

डोळ्यांतून आणि नाकातून रक्त येते आहे, काय करावे?

ते बहुधा रक्त नसते. उंदराच्या डोळ्यामागील हार्डेरियन ग्रंथीतून पॉर्फिरिन नावाचे लालसर द्रव्य स्रवते. ताण, आजार किंवा आहारातील कमतरता असली की त्याचे प्रमाण वाढते. घर बदललेल्या पहिल्या आठवड्यात थोडे दिसले तर ओल्या कापसाने पुसून लक्ष ठेवावे. रोज दिसू लागले, किंवा त्यासोबत शिंका आणि मंदपणा असेल, तर पशुवैद्यकाकडे जावे.

शिंका थांबत नाहीत.

नव्या जागेत दोन-चार दिवस शिंका येणे स्वाभाविक आहे. त्यापुढे मात्र हा विषय गंभीर धरावा, कारण उष्णतेखालोखाल पाळीव उंदीर दगावतात ते श्वसनरोगाने. मायकोप्लाझ्मा पल्मोनिस हा जंतू बहुतेक पाळीव उंदरांच्या शरीरात जन्मापासून असतो. प्रकृती ठीक असेपर्यंत तो दबून राहतो आणि ताण, अमोनिया, धूळ किंवा धूर मिळाला की उसळतो. तो पूर्णपणे निघून जात नाही, फक्त आटोक्यात ठेवता येतो.

येथे आपल्या घरातील सवयींकडे पाहावे लागते. डासांची उदबत्ती, देवघरातील धूप, मिरचीची फोडणी, चुलीचा धूर, दिवाळीतील फटाक्यांचा धूर यांतले काहीही पिंजऱ्याच्या खोलीत नको. डासांसाठी पिंजऱ्यावर मच्छरदाणी टाकावी, ती गजांपासून हातभर दूर असावी, नाहीतर ती रात्रीत कुरतडली जाते. श्वास घेताना घरघर किंवा टकटक आवाज येणे, कुशी आत ओढल्या जाणे, अंगावरचे केस विस्कटलेले राहणे ही थांबून पाहण्याची लक्षणे नव्हेत. डॉक्सिसायक्लिन, एन्रोफ्लॉक्सासिन अशी औषधे यावर वापरली जातात, पण त्यांची मात्रा ग्रॅमच्या हिशेबाने ठरते. मेडिकलमधून माणसांच्या गोळीचा तुकडा आणून देणे म्हणजे अंदाजाने जीव टांगणीला लावणे आहे.

उंदराला तपासणारे डॉक्टर मराठवाड्यात कोठे मिळतील?

हे उंदीर आणण्यापूर्वी शोधावे, आजारी पडल्यावर नव्हे. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मुख्यतः गाई, म्हशी, शेळ्या येतात. तेथील डॉक्टरांनी उंदीर तपासलेला नसतो, म्हणून त्यांना दोष देता येत नाही. परभणी आणि उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत, तेथे चौकशी करावी. छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर अशा शहरांत कुत्र्या-मांजरांचे खासगी दवाखाने आहेत. “लहान कृंतक तपासता का, भूल देण्याचा अनुभव आहे का” हे फोनवर स्पष्ट विचारावे.

डिजिटल वजनकाट्यावर दर आठवड्याला वजन करून वहीत लिहावे. उंदीर दुखणे लपवतो, त्यामुळे वजनातील घट हीच अनेकदा पहिली खूण असते, आणि औषधाची मात्रा काढायलाही डॉक्टरांना तोच आकडा लागतो. शस्त्रक्रियेपूर्वी त्याला रात्रभर उपाशी ठेवण्याची गरज नसते, कारण उलटीचा धोकाच नसतो. कोणी तसे सांगितल्यास नम्रपणे पुन्हा विचारून घ्यावे. दवाखान्यात नेताना दोघांनाही सोबत न्यावे आणि उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत निघावे.

मादीच्या काखेत गाठ आली आहे. कर्करोग असेल का?

वयात आलेल्या माद्यांत स्तनांच्या गाठी फार आढळतात आणि स्तनांची ऊती मानेपासून जांघेपर्यंत पसरलेली असल्याने गाठ कोठेही येऊ शकते. त्यातील बहुतेक साध्या असतात, पसरत नाहीत, पण वाढत जाऊन चालणे अवघड करतात. गाठ लहान असताना काढलेली बरी. लहान वयात अंडाशय काढल्यास हा धोका बराच कमी होतो, मात्र ती शस्त्रक्रिया अनुभवी हाताकडूनच करून घ्यावी. उंदराचे आयुष्य दोन ते तीन वर्षांचे असते. अडीच वर्षांच्या थकलेल्या मादीवर मोठी शस्त्रक्रिया करावी की तिचे उरलेले दिवस सुखाचे करावेत, हा प्रश्न डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलून सोडवावा.

शेजारी उंदरांचे औषध टाकतात, धान्यातही गोळ्या ठेवलेल्या असतात. धोका किती?

पुष्कळ. झिंक फॉस्फाईड आणि ब्रोमॅडिओलोन ही विषे शेतात आणि घरांत सर्रास वापरली जातात, आणि उलटी होत नसल्याने उंदराच्या पोटात गेलेले विष तसेच राहते. पिंजऱ्याबाहेर खेळायला सोडण्यापूर्वी खोलीतील कपाटामागे, मोरीत, माळ्यावर जुने आमिष नाही याची खात्री करावी. ब्रोमॅडिओलोन रक्त गोठू देत नाही. त्यावर जीवनसत्त्व के-१ हा उतारा आहे, पण तो वेळेत मिळावा लागतो, म्हणून विषाचे पाकीट डॉक्टरांना दाखवावे. धान्याच्या कणगीत ठेवल्या जाणाऱ्या अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्यांतून फॉस्फीन वायू निघतो, तो माणसांनाही प्राणघातक आहे. अशी गोळी जेथे ठेवली आहे त्या खोलीत पिंजरा तर नकोच, कोणी झोपूही नये.

मांजर आणि साप?

पिंजरा भिंतीला टेकून, कमरेइतक्या उंचीवर ठेवावा आणि खोलीचे दार रात्री लावावे. उंदरांच्या वासावर धामण आणि नागही येतात, म्हणून दाराखालची फट आणि मोरीचे तोंड जाळीने बंद करावे.

काही महिन्यांनी तिसरा उंदीर आणायचा आहे.

नव्याला किमान दोन आठवडे दुसऱ्या खोलीत, शक्य असल्यास दुसऱ्या घरात ठेवावे आणि त्याला हाताळल्यावर हात धुऊन कपडे बदलावेत. शिंका नाहीत, उवा नाहीत, याची खात्री झाली की जी जागा कोणाच्याच मालकीची नाही, अशा ठिकाणी त्यांची भेट घडवावी. रिकामी न्हाणीघराची फरशी त्यासाठी उत्तम. एकमेकांना उताणे पाडणे, ओरडणे हे चालायचेच. रक्त निघाले किंवा अंगावरचे केस ताठ करून एकजण दुसऱ्यावर आडवा चालून आला, तर वेगळे करून दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करावा. अंगावर उवा दिसल्यास कुत्र्यांची पावडर टाकू नये. वजनानुसार योग्य औषध डॉक्टरच देतात.

बदली झाली किंवा सांभाळणे अशक्य झाले, तर शेतात सोडावे का?

सोडू नये. पिंजऱ्यात वाढलेल्या उंदराला बीळ, भक्ष्य, शत्रू यांतले काहीच ठाऊक नसते, आणि पांढरा उंदीर तर काळ्या रानात दुरूनच दिसतो. कुत्रे, घार किंवा शेतातले विष यांपैकी काहीतरी त्याला एक-दोन दिवसांत गाठते. ओळखीच्यांत, पशुवैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्यांत किंवा इतर पालकांत घर शोधावे. जोडी तोडू नये, आणि फुकट देण्याऐवजी पिंजऱ्यासह नाममात्र किंमत घ्यावी, म्हणजे साप पाळणाऱ्याच्या खाद्यात ते जाण्याची शक्यता घटते. देताना वजनाची वही, सवयीचे खाद्य आणि वापरलेले एक कापड सोबत द्यावे. नव्या पालकाचे घर पत्र्याचे असेल आणि महिना एप्रिलचा असेल, तर पावसाळा लागेपर्यंत त्यांना आपल्याकडेच ठेवावे.